पिसाच्या चौकात धरलेला ओळंबा

सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत ब्लॉकखाली उभी होते आणि वास आला. आधी वाटलं, वरच्या मजल्यावर कुणाची तरी पोळी करपली. मग लक्षात आलं की सिंगापूरच्या या अख्ख्या चोआ चू कांग वस्तीत एकाच वेळी पोळी करपणं काही शक्य नाही. समोरच्या ब्लॉकचे दिवे पुसट, पिवळट दिसत होते. रांगेतल्या एकाने मोबाइल काढला, हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघितला आणि मास्क चढवला. चार वर्षांनी हेझ परत आलं होतं.

हेझ म्हणजे धुरकं. समुद्रापलीकडच्या बेटांवर जंगल जळतं, जंगलाखालची दलदलीची जमीनही जळते आणि वारा फिरला की तो सगळा धूर आमच्याकडे मुक्कामाला येतो. या देशात ऋतू असे नाहीतच. बारा महिने ऊन, बारा महिने पाऊस. त्यामुळे हेझ आलं की इथली माणसं काळ मोजायला एक खूण मिळाल्यासारखी बोलतात. "लास्ट टाइम सो बॅड वॉज ट्वेंटी फिफ्टीन," बसमधली बाई म्हणाली. मी मान डोलावली. मला दोन हजार पंधराचं हेझ तिने सांगायची गरज नव्हती.

त्या वर्षी बाबा माझ्याकडे होते.

बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकात तीस वर्षं सॉइल मेकॅनिक्स शिकवत होते. साध्या मराठीत सांगायचं तर माती शिकवत होते. दर जूनमध्ये नव्या पोरांच्या पहिल्या तासाला ते फळ्यावर एक कललेला मनोरा काढायचे आणि म्हणायचे, "हा पिसाचा मनोरा. वाकडा बांधलेला नाही. बांधणाऱ्यांनी चांगला सरळच बांधायला घेतला होता. फक्त खाली काय आहे ते बघायचं राहिलं." हे वाक्य मी घरी इतक्या वेळा ऐकलंय की आईसुद्धा चपात्यांची चवड एका बाजूला कलली की तेच म्हणायची. पण बाबांनी तो मनोरा पाहिला होता फक्त पुस्तकात. आई गेल्यावर ते कऱ्हाडला दादा-वहिनींकडे राहायला लागले आणि एकदा फोनवर सहज म्हणाले, "मिनू, एकदा त्या चौकात उभं राहून ओळंबा धरायचा आहे. बास. मग माझं काही मागणं नाही."

माझे आजोबा गवंडी होते. भिंत सरळ उठतेय का ते बघायला गवंडी दोरीला पितळेचं वजन बांधून खाली सोडतात, तो ओळंबा. आजोबांचा ओळंबा बाबांकडे होता, भोवऱ्याएवढा, घासून घासून सोन्यासारखा झालेला. दर दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. आमच्या घरात ना तलवार, ना नांगर. तांब्याशेजारी पाटावर ओळंबा आणि त्याला झेंडूचं फूल. बाबांना मागणं मागायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांनी एक मागितलं आणि मी लगेच पेटले. जुलैच्या शेवटी त्यांना सिंगापूरला बोलावून घेतलं. सप्टेंबरात शाळेला आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा मी, माझी नऊ वर्षांची ईरा आणि बाबा, तिघांनी इटलीला जायचं. नवरा जहाजावर इंजिनिअर, तो तेव्हा ब्राझीलच्या वाटेवर होता, त्याला फक्त कळवलं.

आता माझी चूक सांगते. जुरोंग आयलंडवर आमच्या कारखान्यात पर्मिटशिवाय साधा नटसुद्धा कुणी फिरवत नाही. कोणतं काम, कुठला व्हॉल्व्ह बंद, माणसं किती, सही कुणाची. दिवसाला वीसेक पर्मिटं माझ्या टेबलावरून जातात आणि एखादी ओळ राहिली तर मी ती परत पाठवते. त्याबद्दल पोरं मागे काय बोलतात तेही मला ठाऊक आहे. आणि याच बाईने व्हिसाच्या अर्जातली एक ओळ वाचली नाही. आदल्या वर्षी मी आणि ईरा पॅरिसला गेलो तेव्हा इथूनच आठवड्याभरात व्हिसा मिळाला होता. म्हणून बाबांचाही इथूनच मिळणार, असं मी धरून चालले. पण माझ्याकडे एम्प्लॉयमेंट पास, ईराकडे डिपेंडंट पास आणि बाबांकडे पाहुण्याचा साधा व्हिजिट पास. पाहुण्याने इथून तिसऱ्या देशाचा व्हिसा मागायचा नसतो, आपल्या देशात जाऊन मागायचा असतो. हे तिथे ढळढळीत लिहिलेलं होतं. व्हिसा केंद्राच्या खिडकीतली मुलगी फार नम्रपणे म्हणाली, "अंकल हॅज टू अप्लाय इन इंडिया." बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसाला तेल लावून आले होते, फोटो काढतील म्हणून.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "असू दे गं. मला कऱ्हाडला पाठव. मी मुंबईला जाऊन अर्ज करतो. वर्षभराने जाऊ."

मी म्हणाले, "काही नको. मी बघते."

हे माझं वाक्य. लहानपणापासूनचं. कुणाचं काही अडलं की मी बघते. दादाला सुट्टी नाही, मुंबईला बाबांना कोण नेणार, बोटांचे ठसे द्यायला रांगेत कोण उभं राहणार. त्यापेक्षा कंपनीकडून त्यांना लांब मुदतीचा पास काढते, मग इथून अर्ज करता येईल, नोव्हेंबरच्या सुट्टीत जाऊ. मी व्हिजिट पासची मुदत वाढवून घेतली, कागद गोळा केले, लग्नाच्या दाखल्यापासून सगळे. बाबा थांबले. ते थांबायचं ठरवून थांबले नाहीत, मी थांबवलं म्हणून थांबले.

आणि सप्टेंबरात हेझ आलं.

पहिले दोन दिवस बाबा खूश होते, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. जमीन जळते आहे हे कळल्यावर त्यांनी चष्मा लावून ईराकडून इंटरनेटवर सगळं वाचून घेतलं. "पीट म्हणतात याला," ते तिला सांगत होते. "कुजलेल्या पानांची माती. हिच्यावर घर बांधू नये, एवढं एकच वाक्य मी हिच्याबद्दल शिकवत आलो. ही जळते हे मुलांना सांगायचं राहूनच गेलं बघ." मग खोकले. मग पुन्हा वाचायला लागले.

तिसऱ्या दिवसापासून खोकलाच जास्त आणि वाचणं कमी. अकराव्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट, एरवी वारा नुसता धावत असतो. आता सगळ्या खिडक्या बंद, दाराखाली ओले टॉवेल. हवा शुद्ध करायचं यंत्र घ्यायला सेरंगूनच्या मोठ्या मॉलपर्यंत गेले, तर मांडणीवर नुसत्या पाट्या उरलेल्या. शेजारच्या चिनी आंटीने बार्लीचं पाणी आणून दिलं आणि आपल्या घरातला पंखा देऊ का विचारलं. पंख्याने काय होणार होतं, पण तिलाही काहीतरी द्यावंसं वाटत होतं. दर तासाला मी फोनवर आकडा बघायची. आकडा तीनशेवर गेला तेव्हा सरकारने एक दिवस शाळा बंद ठेवल्या. मी कामावरून घरी फोन करून विचारायची, "बाबा, आता कसं वाटतंय?" ते म्हणायचे, "छान." एका शब्दापुरताच श्वास पुरतोय, हे मला ऐकू यायचं.

शाळा बंद होती त्या दिवशी मी रजा टाकून घरी होते. बाबांना खाली चालायला जायचं होतं. ईरा दारात आडवी उभी राहिली आणि इथल्या पोरांच्या लाह-वाल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, कॅनॉट गो डाऊन लाह. एअर इज लाइक पॉयझन."

"बरं लाह," बाबा म्हणाले आणि परत आत आले.

मग त्या दोघांनी जेवणाच्या टेबलावर पिसाचा चौक मांडला. मोठ्या परातीत ओला रवा, ती जमीन. कथीड्रलच्या जागी माझा डबा, त्याच्या पश्चिमेला बाप्तिस्म्याच्या गोल इमारतीचा मान पालथ्या वाटीला आणि पूर्वेला कॅरमच्या सोंगट्या एकावर एक रचून मनोरा. सहाव्या सोंगटीला मनोरा कलायला लागला. ईराने घाईघाईने कललेल्या बाजूला रवा दाबला, तर तो आणखी कलला.

"थांब," बाबा म्हणाले. "त्या लोकांनीही हेच केलं. कललेल्या बाजूचे खांब जरा उंच घेतले, म्हणजे वरून सरळ दिसेल. त्याचं वजन पुन्हा त्याच बाजूला. मग काय, अजून रुतला."

"देन हाऊ?"

"लढाया लागल्या. तीन मजल्यांवर काम थांबलं. जवळजवळ शंभर वर्षं तसंच पडून होतं. तेवढ्यात खालची माती दबली, घट्ट झाली. न थांबता बांधला असता तर तेव्हाच आडवा झाला असता." ते श्वास घ्यायला थांबले. ईरा वाट बघत राहिली. "आणि आमच्या काळात तो अगदी पडायलाच आला, तेव्हा तिथल्या इंजिनिअरांनी काय केलं सांग. पडत्या बाजूला हातच लावला नाही. दुसऱ्या बाजूची माती थोडी थोडी काढून घेतली. तिळातिळाने. दहा वर्षं मनोरा बंद ठेवला होता."

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि हातात फोन होता. पासच्या कागदांचं कुठवर आलं, हे कंपनीतल्या बाईला त्या दिवशी तिसऱ्यांदा विचारत होते.

ऑक्टोबरात त्यांना चार दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टर तरुण होती, शांत. म्हणाली, फुप्फुसं फार पूर्वीपासून दुखावलेली आहेत, धुराने निमित्त झालं. मी तिला विचारलं, ते ऑगस्टमध्ये परत गेले असते तर? ती म्हणाली, असं सांगता येत नाही. मी दोनतीनदा वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारलं. तिने दर वेळी तेच उत्तर दिलं. लांबचा विमानप्रवास आता नको, हे मात्र तिने न विचारता सांगितलं. भारतापर्यंत पाठवू, तोही व्हीलचेअरवर, बरोबर कुणीतरी घेऊन. युरोप विसरा. मी खुर्चीवर बसून राहिले. वीस पर्मिटं वाचणारी बाई, आणि करण्यासारखं एकही काम हातात नव्हतं.

बाबांना माझा चेहरा कळला असणार. नळी नाकात, तरी म्हणाले, "मिनू, तीस वर्षं खडूची धूळ खाल्ली आहे मी. प्रयोगशाळेत माती चाळली आहे तोंडाला काही न बांधता. वरच्या मजल्याला कशाला दोष देतेस."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही.

दसरा त्या वर्षी धुरातच आला. बाबा इस्पितळातून घरी आले होते. पाटावर ओळंबा, माझं जुरोंग आयलंडचं हेल्मेट आणि पास, ईराची कंपासपेटी. इथे झेंडू लिटल इंडियात मिळतो, पण तिथवर जाणार कोण, म्हणून खालच्या दुकानातली शेवंती वाहिली. पूजा झाल्यावर बाबांनी ओळंब्याची दोरी गुंडाळली आणि तो माझ्या हातात ठेवला. "तू जाशील तेव्हा ने." मी म्हणाले, "आपण दोघं जाऊ." त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात दादा येऊन त्यांना घेऊन गेला. लांब मुदतीचा पास मंजूर झाल्याचं पत्र त्यानंतर नऊ दिवसांनी आलं. मी ते उघडून वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

मी गेले ती गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आणि तीही कामासाठी. आमचा नवा कॉम्प्रेसर इटलीतल्या एका कारखान्यात तयार होत होता, त्याची चाचणी बघायला मला पाठवलं. मधल्या रविवारी आगगाडीने पिसाला गेले. मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ओळंबा आणला होता, तो पर्समध्ये घातला. बाबा तेव्हा कऱ्हाडला अंथरुणाला खिळलेले, खोलीत चोवीस तास ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असायचं. निघायच्या आदल्या दिवशी फोनवर म्हणाले, "जा जा. मी इथून बघतो."

स्टेशनपासून चालत नदी ओलांडली, गल्ल्या ओलांडल्या आणि शहराच्या भिंतीतल्या एका दारातून आत पाऊल टाकलं. एकदम हिरवं. चौक म्हटला की मला कऱ्हाडचा दत्त चौक दिसतो, रिक्षा, फ्लेक्स, उसाचा रस. इथे नुसतं गवत आणि त्यावर तीन पांढऱ्या इमारती कुणीतरी आत्ताच आणून ठेवल्यासारख्या. आधी बाप्तिस्म्याची गोल इमारत, मग कथीड्रल, मग मागून डोकावणारा मनोरा. मला हसू आलं. परातीत बरोबर मांडलं होतं त्यांनी. एकदाही न बघता.

लगेच फोन करायचं धाडस झालं नाही. आधी सगळं बघून घेतलं. गोल इमारतीतसुद्धा नीट उभं राहिलं की कळतं, तीही जरा कललीय. आत रखवालदार बाईने दारं लावून घेतली, सगळ्यांना गप्प केलं आणि एक सूर लावला. तो वर घुमटात फिरत राहिला, तोवर तिने दुसरा लावला, तिसरा लावला, आणि एकटीच चार बायकांसारखी गात राहिली. तिचा श्वास किती लांब होता. मी नको तिथे, नको तेच मोजत होते. कथीड्रलमध्ये छतापासून लोंबणारा मोठा दिवा पाहिला. तो झुलताना बघून एका शास्त्रज्ञाला लंबकाचा नियम सुचला, असं गाइड सांगत होता. बाबा असते तर म्हणाले असते, हा दिवा त्यानंतर बसवलाय, उगाच काहीतरी सांगू नका. उत्तरेच्या बाजूला पांढऱ्या भिंतीआड जुनं कबरस्तान आहे. तिथली माती म्हणे जेरुसलेमहून गलबतं भरभरून आणली. तिथे मी बराच वेळ बसले. माणसं पुरायला एवढ्या लांबून माती आणायची आणि मनोरा मात्र पायाखालची न बघता उभा करायचा, याची बाबांना केवढी मजा वाटली असती.

मग फोन लावला. वहिनीने उचलला. "थांबा हं ताई, बसवते त्यांना." उशा लावण्याचा आवाज, यंत्राची घरघर आणि मग बाबांचा चेहरा. केवढासा झालेला. उजवीकडे कलून बसले होते, तसंच बसलं की त्यांना श्वास घेता यायचा. मी फोन फिरवून मनोरा दाखवला. गवताच्या कडेने शंभरेक माणसं हात पुढे करून उभी होती, मनोरा हातांनी तोलून धरल्याचा फोटो काढायला. बाबा ते बघत राहिले.

"सगळे पडत्या बाजूलाच जोर लावतायत," म्हणाले आणि हसले, खोकले. "ओळंबा आणलास?"

मी पर्समधून काढून दाखवला. दोरी सोडली. वारा होता, वजन गोल गोल फिरायला लागलं. एका हातात फोन, एका हातात दोरी, आणि डोळे पुसायला तिसरा हात नव्हता.

"पाणी," बाबा म्हणाले. पुढचं बोलायला त्यांना वेळ लागला. "पाण्यात सोड. तात्या बादलीत सोडायचे."

तात्या म्हणजे माझे आजोबा. बादली कुठून आणणार. कॉफीचा कागदी पेला होता, त्यात बाटलीतलं पाणी ओतलं, पेला फरशीवर ठेवला आणि ओळंब्याचं टोक अलगद पाण्यात बुडवलं. फिरणं कमी झालं. दोरी हळूहळू शांत झाली. सरळ, काळी रेघ. तिच्यापलीकडे मनोरा, वर जाता जाता तिच्यापासून लांब लांब गेलेला. तीस वर्षं फळ्यावर काढलेलं चित्र जसंच्या तसं. मी फोन अगदी नीट, सरळ धरला.

"दिसतंय बाबा?"

उशीवर कललेली मान, डोळे मात्र आत येऊन बघत असल्यासारखे. मग म्हणाले, "मिनू, मनोरा सरळच आहे की गं. दोरी तिरकी दिसतेय."

वहिनीचा हात त्यांना सावरायला पुढे येताना दिसला. मी तिला मानेनेच नको म्हटलं. दिसलं असेल का तिला, कोण जाणे, पण हात मागे गेला.

"हो बाबा," मी म्हणाले. "दोरीच तिरकी आहे."

"मग ठेव गुंडाळून," ते म्हणाले. "ऊन लागेल तुला." आणि त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर ते दोन महिने होते. रोज फोन व्हायचा. त्यांना खरंच तसं दिसलं की ते माझी गंमत करत होते, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, एवढं बोलण्याइतका श्वास होता त्यांच्याकडे.

आज संध्याकाळी घरी आले तेव्हा ईराने खिडक्या लावून ठेवल्या होत्या. तेरा वर्षांची झाली, सांगावं लागत नाही. दाराखाली ओले टॉवेलही तिनेच सारले होते. ओळंबा स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला टांगलेला असतो. एरवी वाऱ्याने दिवसभर डोलतो, आज घर बंद असल्यामुळे स्थिर होता. बाहेर समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. मी गॅसवर चहा ठेवला आणि त्या दोरीसमोर उभी राहिले. मान थोडी उजवीकडे कलती केली, बाबांची असायची तेवढी. मग अजून थोडी. दोरी तिरकी दिसते.